पत्रकावर नाव नसलेल्यांचे पाच हजार

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "वडील ५८ वर्षांचे. ३० वर्षं तमाशाच्या वेगवेगळ्या फडांत ढोलकी वाजवली. करोनात दोन हंगाम घरी बसले. शेजारच्या गावातल्या शाहिराच्या खात्यात सरकारचे ५,००० रुपये आले, आमच्या वडिलांच्या आले नाहीत. तेव्हा नक्की काय मदत होती, ती आम्हाला का मिळाली नाही, आता मिळेल का, आणि पुन्हा तशी वेळ आली तर आधीपासून काय करून ठेवावं?"

भाऊ, आधी कडू तेवढं सांगून टाकतो. ते ५,००० आता मिळायचे नाहीत. मदत एकरकमी होती आणि तिचे अर्ज घेणं केव्हाच संपलं. 'माझी मंत्रालयात ओळख आहे, मागची रक्कम काढून देतो' म्हणत कुणी हजार-पाचशे मागत असेल, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. पण वडील ५८ चे आहेत ना, मग त्यांच्यासाठी दरमहा ५,००० ची दुसरी योजना आहे, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की तिचा अर्ज तुम्ही केलेलाच नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

मी अमळनेरकडचा. १९९८ पासून एका फडाचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे सुपारी धरायची, म्हणजे गावाशी कार्यक्रम ठरवायचा, त्याचा इसार घ्यायचा, पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज द्यायचा, ट्रकच्या डिझेलची सोय बघायची आणि कुणाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, किती फिटली ती वही सांभाळायची. करोनानंतर कलावंतांचे फॉर्म भरायचं काम आपोआप गळ्यात आलं, कारण फडात मराठी टायपिंग येणारा मीच. दीडशेच्या वर अर्ज या हातानं गेलेत. त्यातले किती परत आले तेही मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तमाशाचं वर्ष तुम्हाला घरातूनच माहीत असेल, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो, बुद्धपौर्णिमेच्या आसपास घरी येतो. थंडीत सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा वगैरे होतात, पण पैसा खरा चैत्र-वैशाखात. पाडव्यापासून सुपाऱ्यांचा जोर, तिकडे नारायणगावला फडांच्या बुकिंगच्या राहुट्या लागतात, इकडे आमच्याकडे धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, अमळनेरला सखाराम महाराजांचा उत्सव, मधे अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि गावोगावच्या देवांच्या जत्रा. या दीड-दोन महिन्यांत जे हाताला लागतं त्यावर आधीची उचल फिटते. मग पावसाळ्यात नवी उचल घेऊन घर चालतं.

आता तारखा बघा. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभराच्या लॉकडाउनचा तो पहिला दिवस. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २३ ला जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि आमचा फड पारोळा तालुक्यातल्या एका गावी अडकला. दोन ट्रक, ५४ माणसं. शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम. गावानं कळण्याची भाकर आणि ठेचा घरोघरून गोळा करून आणून दिला, त्या गावाचे उपकार मी विसरणार नाही. पाडव्याच्या सकाळी आमचा ढोलकीवाला व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. चैत्रात ढोलकीची शाई सुकू देत नाहीत म्हणतात, आणि याची ढोलकी खोळीत बांधलेली. मला म्हणाला, "भाऊ, पाडवाना दिन शे आज, आनी ढोलकी पेटीमा शे." पुढे दोघंही काही बोललो नाही. नंतर परवानगी काढून एकेक करत माणसं घरी पोचवली, तेच आठ-दहा दिवस चाललं.

त्या पहिल्या वर्षी मदत काय होती? रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य होतं. बाईच्या नावावर जनधन खातं असेल तर एप्रिल ते जून ५०० रुपये महिना. नंदुरबार भागातल्या सोंगाड्या पार्ट्यांतल्या, म्हणजे लोकनाट्य करणाऱ्या पथकांतल्या, पोरांच्या घरांना खावटी अनुदान मंजूर झालं, कुटुंबाला ४,००० चं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तूंत. पण ते त्यांना आदिवासी कुटुंब म्हणून मिळालं. सोंगाड्या म्हणून नाही. आमच्या फडातल्या एकालाही त्या वर्षी कलावंत म्हणून रुपया आला नाही. रिझर्व्ह बँकेनं कर्जाचे हप्ते आधी तीन महिने आणि मग आणखी तीन महिने पुढे ढकलायला मुभा दिली होती, त्यावर फडात कडवट विनोद चालायचा. आमचं कर्ज बँकेचं कुठे होतं? उचल मालकाची, आणि मालकाची सावकाराची. तिथे कसली मुभा.

दुसरा पाडवा १३ एप्रिल २०२१ चा. त्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी पुन्हा निर्बंध जाहीर केले आणि सोबत ५,४७६ कोटींचं पॅकेज सांगितलं. आम्ही चौघं-पाच जण एका घरात टीव्हीपुढे बसलो होतो. नोंदणीकृत बांधकाम कामगार, दीड हजार. नोंदणीकृत घरेलू कामगार, दीड हजार. अधिकृत फेरीवाले, दीड हजार. परवानाधारक रिक्षावाले, दीड हजार. आदिवासी कुटुंबं, दोन हजार. निराधार योजनेतले लोक, हजार. यादी संपली. आमची सोंगाड्याचं काम करणारी मावशी म्हणाली, "आपलं नाव वाचायचं ऱ्हायनं वाटतं."

राहिलं नव्हतं, भाऊ. तेव्हा मला राग आला होता, पण पुढे फॉर्म भरताना कळलं की त्या यादीतल्या बहुतेक ओळींआधी एक शब्द आहे: नोंदणीकृत, अधिकृत, परवानाधारक. त्या सगळ्यांची नावं, आधार, खाती कुठल्या ना कुठल्या कार्यालयात आधीपासून लिहिलेली होती. सरकारला फक्त बटण दाबायचं होतं. ढोलकीवाल्याचं नाव महाराष्ट्रातल्या कुठल्याच कार्यालयात नव्हतं.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये कलावंतांसाठी घोषणा झाली. ५६,००० कलाकारांना प्रत्येकी ५,०००, म्हणजे २८ कोटी. शासन निर्णय दिवाळीच्या तोंडावर निघाला, आणि आमच्या भागात अर्जांची खरी पळापळ झाली तेव्हा २०२२ उजाडलं होतं. तिसरा पाडवा २ एप्रिल २०२२ चा, त्या दिवशी राज्यातले सगळे निर्बंध उठले आणि जत्रा सुरू झाल्या. म्हणजे आमचे लोक तलाठ्याच्या दारात उभे होते तेव्हा फड पुन्हा जमायला लागले होते. काहींनी अर्ज अर्धवट टाकून सुपारी धरली. मी त्यांना दोष देत नाही. ८०० रुपयांची नाइट समोर असताना कोण चार दिवस दाखल्यांसाठी घालवेल?

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. शाहिराला मिळाले आणि वडिलांना का नाही. अटी मुख्य तीन होत्या: महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, कलेच्या क्षेत्रात १५ वर्षं काम, आणि वार्षिक उत्पन्न ४८,००० च्या आत. शिवाय ज्यांना वृद्ध कलावंतांचं मानधन किंवा दुसऱ्या एखाद्या वैयक्तिक सरकारी अर्थसाहाय्याचा लाभ मिळतो, त्यांना हे मिळणार नव्हतं. कागदावर वाचायला सरळ आहे. प्रत्यक्षात माणसं कुठे गळाली ते सांगतो.

सगळ्यात जास्त गळाली ती १५ वर्षांच्या पुराव्यावर. शाहीर स्वतःच्या नावानं कार्यक्रम करतो. पत्रिकेवर त्याचं नाव, वर्तमानपत्रात बातमी त्याच्या नावाची, शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळालेलं मानपत्रही त्याच्याच नावाचं. त्याची फाइल जाडजूड होते. आता तुमच्या वडिलांच्या फडाचं एखादं जुनं पत्रक काढून बघा. वर मालकाचं नाव ठळक, खाली दोन-तीन नर्तकींची नावं, वगाचं नाव, आणि तळाला एक ओळ: 'सोबत ४० कलावंतांचा ताफा'. तुमचे वडील त्या चाळिसात आहेत. ३० वर्षं वाजवलं, पण छापलेलं नाव एकदाही नाही. वगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असतं, तो आमच्याकडचा सगळ्यात सरकारी कागद. त्यावर ढोलकीवाल्याचं नाव शोधाल तर सापडणार नाही.

आणि इथे मी स्वतःची चूक कबूल करतो. फडाची वही माझ्या हातात होती. तीत सुपारीचं गाव, तारीख, रक्कम, इसार सगळं लिहिलं. माणसांची फक्त उचल लिहिली, तीही टोपणनावानं: 'बारक्या ३,०००', 'हलगीवाला ५,०००'. त्या वेळी ते पुरायचं. २०२२ ला तहसीलमध्ये पुरावा द्यायची वेळ आली तेव्हा 'बारक्या' म्हणजे आधार कार्डावरचा अमुक अमुक हे सिद्ध करायला मला मालकाकडून लेटरहेडवर दाखले लिहून घ्यावे लागले. एका टेबलावर ते चालले, दुसऱ्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "हे दाखले सगळे एकाच तारखेचे कसे?" एकाच तारखेचे असणारच. पंधरा वर्षांत कुणाला सुचलं होतं? तुमचे वडील तर पाच-सहा फडांत फिरले असणार. त्यातले दोन-तीन फड बंदही झाले असतील. त्यांना दाखला द्यायचा कुणी?

दुसरी गळती उत्पन्नाच्या दाखल्यावर. ४८,००० वर्षाला म्हणजे महिन्याला ४,०००, दिवसाला १३१ रुपये. त्या दोन वर्षांत आमच्या माणसाची कमाई तशीही शून्याकडे होती, पण दाखला बनतो तो जुन्या अंदाजावर आणि सातबाऱ्यावर. चोपड्याकडे दोन एकर कोरडवाहू नावावर असलं, त्यातही तीन भावांचा हिस्सा असला, तरी आकडा पटकन वर जातो. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याचा दाखला सहज झाला. घरी दोन एकर कपाशी असलेला हलगीवाला ५२,००० च्या दाखल्यावर अडला. ४,००० रुपयांनी माणूस श्रीमंत ठरला.

वास्तव्याची अट आमच्या सरहद्दीवरच्या लोकांना नडली. खानदेशातल्या बँडपार्ट्यांत आणि फडांत सेंधव्याकडची, बऱ्हाणपूरकडची बरीच माणसं असतात. वीस वर्षं इकडच्या लग्नांत क्लॅरिनेट वाजवतात, अहिराणी आपल्यासारखी बोलतात, पण रेशन कार्ड मध्य प्रदेशचं. त्यांचं इथेही नाही, तिथेही नाही. आणि बँडवाल्यांबद्दल तर वेगळीच अडचण. लग्नात वाजवणं ही 'प्रयोगात्मक कला' की धंदा, यावरच आमच्याकडच्या एका कार्यालयात अर्ज बाजूला काढले गेले. २०२० आणि २०२१ ची लग्नसराई पाठोपाठ गेली होती. त्या माणसांची उपासमार फडवाल्यांपेक्षा कमी नव्हती.

दुसऱ्या कुठल्या योजनेचा लाभ नको, या अटीनं मात्र सगळ्यात गरिबांनाच बाहेर काढलं. आमच्या फडात एके काळी नाचलेली एक विधवा बाई संजय गांधी निराधार योजनेत होती. त्या हजाराच्या आधारामुळे ती ५,००० ला अपात्र. तिला हे समजावून सांगताना माझी जीभ अडखळली, खोटं कशाला बोलू.

आणि ज्यांचा प्रश्न कुणी विचारतच नाही ते लोक: जनरेटरवाला, कनात ठोकणारे, ट्रकचा ड्रायव्हर, स्वयंपाक करणारा, तिकीट फाडणारा. ५४ माणसांत यातले निम्म्याला निम्मे असतात. रात्री अकराला जनरेटर बंद पडला तर वग थांबतो, पण योजनेतल्या 'एकल कलावंत' या शब्दात जनरेटरवाला बसत नाही. फडमालकांसाठी पथक म्हणून वेगळ्या एकरकमी अनुदानाचाही निर्णय झाला होता, पूर्णवेळ फड आणि हंगामी फड असा भेद करून. पण तुमचा प्रश्न वादकाचा आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही.

अधूनमधून कुणी म्हणतं, परदेशात बघा कलाकारांना घरबसल्या पगार दिला. अर्धं खरं आहे. इंग्लंडमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्याला सरासरी नफ्याच्या ८० टक्के, तीन महिन्यांचे मिळून साडेसात हजार पौंडांपर्यंत, पहिल्या खेपेला मिळाले. पण ते प्राप्तिकराच्या जुन्या विवरणपत्रावरून मोजलेले. ज्यानं नुकताच धंदा सुरू केला होता तो तिथेही कोरडाच राहिला. फ्रान्सची रीत मला जास्त शिकण्यासारखी वाटते. तिथे रंगमंचावरच्या माणसानं, आणि पडद्यामागे दिवे-आवाज सांभाळणाऱ्यानंही, बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याची नोंद असली की काम नसलेल्या दिवसांचा बेकारी भत्ता सुरू होतो. करोनात प्रयोगच बंद, तास भरणार कसे, म्हणून सरकारनं आधी ऑगस्ट २०२१ पर्यंत आणि मग त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत त्यांचे हक्क तसेच पुढे चालू ठेवले. हे जमलं, कारण प्रत्येक प्रयोगाची, प्रत्येक माणसाची नोंद आधीपासून होती. आमच्या जनरेटरवाल्याला तिथे नाव असतं.

हे वाचून 'आपल्याकडे कसं जमणार' म्हणू नका. जळगावच्या मार्केट यार्डात जाऊन हमालांना विचारा. आज या अडत्याकडे, उद्या त्या, मालक रोज बदलतो, तरी १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळ आलं. मजुरी मंडळात जमा होते, त्यावर लेव्ही बसते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. फडातल्या माणसाचं काम याहून वेगळं काय आहे? बांधकाम मजुरांसाठी तर बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर आहे, आणि वर्षात ९० दिवस काम दाखवलं की नोंदणी होते. म्हणूनच त्यांचे दीड हजार बटण दाबून गेले. माझं मत विचाराल तर सुपारीच्या रकमेवर रुपयाला पैसा कापून कलावंतांचं असं मंडळ करावं. मी हे फडमालकांच्या बैठकीत बोललो तेव्हा दोघं उठून गेले. त्यांना वाटलं मी कर लावायला निघालोय. हंगाम चांगला असला की हा विषय कुणाला नको असतो. पावसाळ्यात पुन्हा काढायला हवा, उचल मागायला सगळे आलेले असतात तेव्हा.

ते होईल तेव्हा होईल. तुम्ही काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम, ई-श्रम कार्ड. २६ ऑगस्ट २०२१ पासून नोंदणी चालू आहे, वय १६ ते ५९ लागतं. वडील ५८ चे आहेत, तेव्हा हे आठवड्याभरात उरका. कार्ड आधीच काढलेलं असेल तर व्यवसायाचा रकाना उघडून बघा. आमच्याकडे मी तपासलेल्या कार्डांत बहुतेकांचं 'शेतमजूर' निघालं, कारण केंद्रावरच्या पोरानं न विचारता तेच निवडलं होतं. बदल करता येतो. 'वादक' करून घ्या. यानं लगेच पैसे मिळतील अशा भ्रमात राहू नका, पण देशाच्या एका यादीत तरी वडील ढोलकीवाले म्हणून दिसतील.

दुसरं, पुरावा. जुना आणि नवा दोन्ही. नव्याचं सोपं आहे: या हंगामापासून नाइटचे पैसे रोख घेण्याऐवजी मोबाइलवर घ्यायला सांगा, निदान अर्धे तरी, आणि शेऱ्यात गावाचं नाव टाकायला लावा. मॅनेजर कुरकुर करेल, मीही केली असती. पोलीस परवानगीच्या अर्जासोबत कलावंतांची यादी जोडायची मागणी करा, नावं आधार कार्डाप्रमाणे. त्या अर्जाच्या पोचेवर शिक्का आणि तारीख असते, त्याची फोटोप्रत ठेवा. हंगाम संपला की त्याच आठवड्यात मालकाकडून दाखला घ्या: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ढोलकीवादक म्हणून काम केलं. दरवर्षीचा वेगळा, त्या त्या वर्षाच्या तारखेचा. मग 'सगळे एकाच दिवसाचे कसे' असं कुणी विचारणार नाही.

जुन्यासाठी घर उपसावं लागेल. वडिलांच्या पेटीत जत्रेतले फोटो असतील, त्यांच्या मागे गाव आणि साल पेनानं लिहा, वडील सांगतील तसं. नात्यातल्या कुणाच्या मोबाइलात हजेरीचं किंवा गवळणीचं शूटिंग असेल, ज्यात वडील वाजवताना दिसतात, ते मागून घ्या. वडिलांनी कधी आकाशवाणी जळगावला कुणाच्या साथीला वाजवलं होतं का ते नीट विचारा. वादक लोक अशी गोष्ट सांगायलाच विसरतात. तिथल्या कराराचा किंवा मानधनाचा एक कागद सापडला तरी तो दहा मालकांच्या दाखल्यांना भारी पडतो. जुन्या फडातले जे मालक हयात आहेत त्यांच्याकडे वडिलांना स्वतः घेऊन जा. फोनवर दाखला कुणी देत नाही. समोर बसून जुन्या आठवणी निघाल्या की देतात.

आता ती दरमहाची योजना. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे. मूळ योजना १९५४-५५ पासूनची. आधी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा असे तीन वर्ग होते आणि जिल्हा पातळीच्या कलावंताला महिन्याला २,२५० मिळायचे. मार्च २०२४ च्या निर्णयानं वर्ग काढून टाकले, सगळ्यांना सरसकट ५,००० केले. वय ५० पूर्ण, कलेत किमान १५ वर्षं, आणि उत्पन्नाची मर्यादा ६०,००० झाली. वडिलांच्या अर्जाची चौकशी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा. जाताना चालू निर्णयाची प्रत बरोबर न्या, टेबलावर कधी कधी जुनाच कागद असतो.

अडचण संख्येची आहे. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांचीच निवड होते, आणि जळगाव जिल्ह्यात भजनी, शाहीर, वहीगायन करणारे, कीर्तनकार, फडवाले सगळे त्या शंभरात येतात. म्हणून पहिल्या वर्षी नाव लागलं नाही तर अर्ज फेटाळला का राहिला ते लेखी विचारा. फेटाळला असेल तर कारण दुरुस्त करता येतं, राहिला असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा. आमच्या हलगीवाल्याचं तिसऱ्या खेपेला लागलं. उत्पन्नाची मर्यादा वाढल्यामुळे त्याचा ५२,००० चा दाखला या वेळी चालला.

वडिलांना एक विचारून ठेवा: १९९८ ते २०१९ या काळात पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, शिरपूर या भागात ते कुठल्या फडात होते आणि त्यांना फडात काय नावानं हाक मारायचे. माझ्या वह्या सगळ्या घरी माळ्यावर आहेत, एकवीस आहेत, दोन उंदरांनी खाल्ल्या. ढोलकीवाले आमच्याकडे अधूनमधून बदलीला यायचे. नाव सापडलं तर त्या पानाची प्रत आणि मॅनेजर म्हणून माझ्या सहीचा दाखला देतो. टोपणनाव मात्र नक्की लागेल, आधारवरच्या नावानं माझ्या वहीत कुणीच सापडत नाही.